शरूचा फोन न आलेली सकाळ

आईच्या वर्षश्राद्धाचे ब्राह्मण जेवून गेले, पत्रावळी उचलल्या गेल्या, आणि शरयू सकाळपासून जो प्रश्न टाळत होती तो वसुधावहिनींनी विचारलाच.

"शरूवन्सं, रंगूबाई कुठे दिसली नाही? आजच्या दिवशीसुद्धा दांडी?"

एरवी वेळ मारून नेणं शरयूला छान जमत असे. पण समोर आईचा फोटो, त्याला ताजा हार. तिथे काही जमेना. "रंगूबाई विट्याला लेकीकडे गेली," ती म्हणाली. "होळीलाच गेली. आता नाही यायची."

वहिनींचा नवरा, थोरला हरीदादा, पानाला चुना लावत होता, तो तसाच थांबला. धाकट्या वामनने आधी दादाकडे पाहिलं आणि मग दादासारखाच चेहरा केला. वामनची ही लहानपणापासूनची सवय. इस्लामपुरात कारखान्यात हिशेबनीस म्हणून त्याच्या हाताखाली चार माणसं होती, पण दादासमोर तो अजून चौथीतच होता.

गेल्या वर्षी आई गेली तेव्हा एकाच अटीवर भावांनी शरयूला सांगलीत राहू दिलं होतं. रंगूबाई रात्रंदिवस सोबतीला असेल, ही ती अट. शरयू दोन वर्षांची असताना पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले. आता ती एक्कावन्न वर्षांची होती, आणि गावभागातल्या या तीन खोल्यांत गेल्या वर्षापर्यंत आईशिवाय एकटी कधी राहिली नव्हती. होळी होऊन गेली, उन्हाळा गेला, श्रावण संपत आला. साताऱ्याहून दादाचा फोन आला की ती सांगायची, रंगूबाई बाजारात गेलीय, रंगूबाई देवळात गेलीय. त्या बिचारीने आयुष्यात जेवढी देवळं पाहिली नसतील तेवढी शरयूने तिला या काही महिन्यांत घडवली होती.

"मग तुझं करतं कोण?" दादाने विचारलं.

"मी करते. जे जमत नाही त्याला माणसं येतात."

आता सांगायला सुरुवात केलीच आहे तर सगळं सांगावं म्हणून तिने सांगितलं. मिरजेच्या एका इस्पितळात जन्म काढलेली चंद्राबाई नावाची नर्स निवृत्त झाली. तिच्या शेजारचे एक एकटे राहणारे मास्तर न्हाणीघरात घसरून पडले आणि दिवसभर तसेच पडून राहिले. संध्याकाळी दार फोडलं तेव्हा कळलं. त्या दिवसापासून चंद्राबाईने सांगली-मिरजेतली माणसं जमवायला सुरुवात केली. कुणी पोस्टातून निवृत्त झालेलं, कुणी मुलं शाळेत गेल्यावर मोकळी होणारी बाई. मूळ विट्याचे बाळासो तर उभी हयात कोइमतूरला सोनं गाळण्याच्या दुकानात घालवून आता सांगलीत येऊन राहिलेले. म्हातारीकोतारी आणि अधू माणसं आपापल्या घरात राहावीत, एवढ्यासाठी ही मंडळी आठवड्यातला एकेक वार वाटून घेत. पैसा घ्यायचा नाही. आणि चंद्राबाईचा कायदा एकच, पण कडक: जे त्या माणसाला स्वतःला करता येतं त्याला हात लावायचा नाही.

म्हणून शरयूचा स्वयंपाक कुणी करत नसे. पण बाळासोंनी तिचा कडाप्प्याचा ओटा फोडून जमिनीपासून हातभर उंचीवर आणला होता. डबे भिंतीच्या तळाशी, शेगडी खाली, आणि तिला बसून सरकायला चार बेअरिंगांवरची फळी. त्या फळीवर बसून ती स्वयंपाकघरातून सोप्यात अशी सुळकन यायची की आल्यागेल्याने पाय आखडून घ्यावेत. सोमवारी बाळासो दळण आणि भाजी आणत. गुरुवारी एक बाई न्हाऊ घालायला मदत करी. बाकीचे वार असेच.

शरयू उत्साहाने सांगत गेली, पण दादाच्या कानात एकच शब्द अडकला होता.

"वार लावलेत?" तो म्हणाला. "आप्पांची मुलगी वारावर जगते?"

यामागचा इतिहास घरात सगळ्यांना पाठ होता. आप्पा, म्हणजे या तिघांचे वडील, याच सांगलीत वारावर जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कुठे ताक पातळ, तर कुठे वाढणारीच्या कपाळाला आठी. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी देवापुढे हात जोडून सांगितलं होतं की, माझ्या घरातलं माणूस पुन्हा कधी वाराने जेवणार नाही. दादा थोरला. तो शब्द वारशात त्याच्याकडे आला होता.

त्यानंतर फार बोलणं झालं नाही. दादा आवाज चढवणारा माणूस नव्हता. साताऱ्यात बांधकाम खात्यात असताना तो कंत्राटदारांनासुद्धा हळू आवाजातच घाम फोडायचा. त्याने ठरवून टाकलं. सहा महिने शरू साताऱ्याला, सहा महिने वामनकडे इस्लामपूरला. उद्या वर्ष सरल्याचं गोड जेवण करायचं, जेवण झालं की जीप येईल, आणि कुलूप. वामन म्हणाला, दादा म्हणतोय ते बरोबर आहे. वहिनी म्हणाल्या, आम्ही असताना तुम्हाला परक्यांची आस कशाला. आणि हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या, हीच तर पंचाईत होती.

बाहेरच्या कुणाशीही शरयू भांडली असती. पण बारा वर्षांची होईपर्यंत या दादाने तिला कडेवर घेऊन शाळेत नेलं होतं. मुलं चिडवायची, "हरीची पालखी आली," आणि हा मान खाली घालून चालत राहायचा, पण तिला खाली ठेवायचा नाही. त्याच्यापुढे 'नाही' म्हणायचं कोणत्या तोंडाने? तिला भीती वाटली. साताऱ्याच्या घरात खिडकीपाशी तिची खुर्ची ठेवतील, सगळं हातात आणून देतील, आणि ती आणून दिलेलं खात बसेल. सहा महिन्यांनी खुर्ची बदलेल, एवढंच.

संध्याकाळी वहिनींनी पदर खोचला आणि घर आवरायला घेतलं. श्राद्धाचं घर, फरशी धुवायलाच हवी. म्हणून खालचे सगळे डबे त्यांनी वरच्या फळीवर ओळीने लावले. त्यांचे गुडघे दुखत, खाली बसून स्वयंपाक होईना. म्हणून शेगडी टेबलावर गेली. फोन बसक्या पाटावर होता, पाणी लागेल म्हणून तो कपाटाच्या डोक्यावर चढला. बेअरिंगची फळी मोरीमागे उभी करून ठेवली. काम संपल्यावर वहिनींनी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. स्वयंपाकघर कसं चारचौघांच्या घरासारखं दिसत होतं.

सकाळी शरयू नेहमीसारखी लवकर उठली, हातांवर सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, आणि तिला आपलं घरच दिसेना. चहाचा डबा दिसत होता, पण तो वर, छताशी सलगी करून बसलेला. साखर वर. काडेपेटी वर. तिने हात उंचावला, तो टेबलाच्या कडेपर्यंतही पोचला नाही. ती तिथेच बसून राहिली. दादा दात घासत आला, त्याने पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "बघ शरू. साधा चहासुद्धा होत नाही तुझ्याच्याने. मी काल काय म्हणत होतो?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, दया होती. टोमणा परवडला असता.

"दादा, चहा राहू दे. मला तेवढा फोन खाली काढून दे."

"इतक्या सकाळी कुणाला फोन?"

"रोज करते. करायलाच लागतो."

दादाने वामनला सांगितलं, वामनने स्टुलावर चढून फोन काढला. रिसीव्हर कानाला लावला तर आत चिडीचूप. फोन वर चढवताना वायर ओढली गेली होती आणि भिंतीतल्या डबीतून निसटली होती. वामनने दोन वायरी इकडेतिकडे लावून पाहिल्या, फुंकर मारली, ठोकून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"मला कोपऱ्यावरच्या बूथपर्यंत तरी ने," शरयू म्हणाली.

दादाने पुढचं ऐकूनच घेतलं नाही; त्याला वाटलं, मैत्रिणींचा निरोप घ्यायचा असेल. तो म्हणाला, एक दिवस गप्पा नाही झाल्या तर काही बिघडत नाही, साताऱ्यालाही फोन आहे. मग तो अंघोळीला गेला.

तो अंघोळ करून, धोतर नेसून बाहेर आला तेव्हा दारात एक रिक्षा थांबली होती. तिच्यातून काठी बाहेर आली, मग फेटा, आणि मग ऐंशी वर्षांचं एक धिप्पाड शरीर. खणभागातल्या तालमीचे जुने वस्ताद, नानासो. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून माणूस घराबाहेर पडला नव्हता.

"शरू हाय का घरात?" त्यांनी दारातूनच विचारलं. "जित्ती हाय न्हवं?"

दादा गडबडला. म्हणाला, आहे की, आत आहे, बसा. पण नानासो बसले नाहीत. काठी टेकत आत आले, शरयूला पाहिलं, आणि मगच भिंतीला टेकून खाली बसले.

"पोरी, फोन न्हाई तुझा. म्हटलं, हिनं कवा चुकवला न्हाई, आज काय झालं? शेजारच्या पोराला रिक्षा आणाय लावली."

"गोळी घेतलीत का?" शरयूने विचारलं.

"तू सांगितल्याबिगर मी घेतो व्हय?"

त्यांना पाणी देईपर्यंत मागच्या बोळातून भिंत चाचपडत बयाबाई आली. तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या शिंप्याच्या दुकानातल्या पीपी नंबरवर शरयू तिला बोलवायची. शिंपी म्हणाला, आज फोन नाही, तेव्हा ती एकटीच निघाली. मग शाळेतून निवृत्त झालेलं एक जोडपं आलं, नवरा बायकोला धरून की बायको नवऱ्याला, सांगणं कठीण. मग एक कुबड्यांवरचा तरुण. सोप्यातली जागा संपली, तेव्हा माणसं पायरीवर बसायला लागली. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. वामन हळूच दादाला म्हणाला, "हे सगळे हिला मदत करणारे?"

तेवढ्यात बाळासोंची एम-एटी फटफटत दारात थांबली आणि मागच्या सीटवरून पांढऱ्या पातळातली चंद्राबाई उतरली. मिरजेहून निघालेल्या तिला वाटेत बाळासोंनी उचललं होतं.

"ताई, ठीक हाय न्हवं सगळं?" बाळासो म्हणाले. "पाच जणांचं निरोप आलं मला. ह्यो फोन न्हाई, त्यो फोन न्हाई. लय घाबरलो बगा."

मग दादाने चंद्राबाईला सरळच विचारलं, की ही एवढी माणसं माझ्या बहिणीच्या दारात का जमलीत? चंद्राबाई जरा बुचकळ्यात पडली, कारण हे घरच्यांना ठाऊक नसेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने सांगितलं. वार लावून माणसं जात होती, पण एकटं माणूस सकाळी उठलं की नाही, हे रोज कोण बघणार? आईच्या आजारपणात या घरी फोन बसवून घेतला होता. शरयूने ते काम मागून घेतलं. रोज सकाळी ती एकेकाला फोन करते. उठलात का, गोळी घेतली का, चूल पेटली का. कुणी उचलला नाही तर जवळ कोण राहतं ते तिला तोंडपाठ. ती त्याला धाडते. उन्हाळ्यात या जोडप्यातली आजी बेशुद्ध झाली होती, ती वेळेवर इस्पितळात पोचली ती शरयूच्या फोनमुळे.

"आम्ही हातपाय आहोत हो," चंद्राबाई म्हणाली. "पण हलायचं कुठे, ते ही सांगते."

दादा आईच्या फोटोखाली उभा होता. त्याचा चेहरा शरयूने आयुष्यभर वाचला होता. तो हलला होता, पण वाकला नव्हता.

"तुम्ही सगळी देवमाणसं आहात," तो शेवटी म्हणाला. "मी तुमचे पाय धरीन. पण बहिणीला सांभाळणं माझं काम आहे. आमच्या वडिलांनी देवाला दिलेला शब्द आहे, या घरातलं माणूस वारावर जगणार नाही. दुपारी जीप येईल."

आता बोलायलाच हवं होतं. शरयूने दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि ती सरकत थेट त्याच्या पायांपाशी गेली. तिला मान वर करावी लागत होती.

"दादा, आप्पांना वाराचं दुःख कशाचं होतं? दुसऱ्याच्या दारात जाऊन बसावं लागायचं, वाढतील ते खावं लागायचं, दुसऱ्या दिवशी दुसरं दार. माझ्या दारात माणसं येतात. चूल माझी, डबे माझे, आणि आल्यावर मला विचारतात, काय करू. वार मला तू लावतोयस. सहा महिने तुझं दार, सहा महिने वामनचं."

दादाने वर आईच्या फोटोकडे पाहिलं.

"तू मला कडेवर घेऊन शाळेत नेलंस," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण तिने ते पुसले नाहीत. "कशाला नेलंस? कुणीतरी आयुष्यभर कडेवर घ्यावं म्हणून? मला खाली ठेव, दादा. मी पडत नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून कुणीतरी हुंदका दिला. वसुधावहिनी होत्या. मघापासून त्या वरच्या फळीकडे आणि खाली बसलेल्या शरयूकडे आळीपाळीने पाहत होत्या.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "काल सकाळपर्यंत वन्सं स्वतःचा चहा करत होत्या. मी एका संध्याकाळी त्यांना पांगळं करून टाकलं. साताऱ्याला नेऊन मी हेच करणार. रोज करणार, आणि प्रेमानं करणार. नका नेऊ त्यांना."

वामनने घसा खाकरला. "वहिनी म्हणतात ते बरोबर आहे," तो म्हणाला. या एका वाक्यासाठी शरयूने त्याला जन्मभराची सगळी वाक्यं माफ केली.

दादा स्वयंपाकघरात गेला. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग डब्याचा. निवृत्त अभियंता, नुकतंच धुतलेलं धोतर नेसून, वरच्या फळीवरचा एकेक डबा खाली काढत होता.

"शरू," आतून आवाज आला, "चहाचा डबा कुठे असतो तुझा?"

"शेगडीच्या उजव्या हाताला," ती म्हणाली. "आणि साखर त्याच्या मागे."

वामनने शेगडी खाली ठेवली, मोरीमागची फळी आणून दिली, आणि बाळासोंनी डबी उघडून फोनची वायर जागेवर बसवली. सोन्याच्या कणांवर पोसलेली बोटं ती, त्यांना असा कितीसा वेळ लागणार. टोन आला, तशी पायरीवरून "आला, आला" अशी हाळी उठली. जी माणसं दारात आली नव्हती, त्यांना फोन करायचे अजून बाकी होते. शरयू पाटापाशी बसली आणि नंबर फिरवायला लागली. दादा शेजारी उभा राहून ऐकत होता. ती हसत होती, रागावत होती, एका आजोबांना दूध उतू जाऊ दिल्याबद्दल चांगलं झापत होती. एवढा अधिकाराचा आवाज त्याने बांधकाम खात्यात वरिष्ठांकडूनही ऐकला नव्हता.

दारात आलेल्यांना आता उपाशी कसं पाठवायचं? पुरणाचा बेत होताच, डाळ वाढवली. वहिनी कुरकुरत का होईना, पण शरयूच्या बुटक्या ओट्यापाशी पाय लांब करून बसल्या आणि म्हणाल्या, की हे बरं आहे, माझ्या घरी तीस वर्षं उभी राहूनच गुडघे गेले, मला कुणी विचारलं नाही ओटा केवढा हवा म्हणून. दादाने ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवायची त्याची रीत वहिनींना माहीत होती.

सोप्यात पंगत बसली. नानासो, बयाबाई, ते जोडपं, कुबड्यांवरचा तरुण, चंद्राबाई, बाळासो, मधे वामन, आणि भिंतीच्या टोकाला दादा. वहिनी वाढायला उठल्या, तर शरयू म्हणाली, "तुम्ही बसा. मी वाढते."

घरातल्या कोणत्याही लग्नामुंजीत शरयूने कधी पंगत वाढली नव्हती. तिला कोपऱ्यात बसवून आधी वाढायचे, आजारी माणसाला वाढतात तसं. आता तिने मांडीवर पोळ्यांची परात घेतली, बाजूला तुपाचं भांडं, आणि बेअरिंगची फळी पंगतीपुढून सरकत निघाली. वाढणाऱ्यांना कमरेत वाकावं लागतं; तिला वाकायचं कारणच नव्हतं. ती पानांच्या बरोबरीने होती. प्रत्येकापुढे थांबत होती, तोंडाकडे पाहत होती, आग्रह करत होती. नानासोंनी आडवा हात धरला तर हाताच्या कडेने पोळी सारून मोकळी झाली. बयाबाईचं बोट धरून तिने ते पानावर फिरवलं; इथे भात, इथे कटाची आमटी, इथे पोळी. वर्षभरात या घरात पहिल्यांदा गोड झालं होतं, आणि तुपाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

दादापुढे ती आली तेव्हा त्याची मान खाली होती. तिने दोन पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार सोडली. तो नको म्हणाला नाही. आनंदाने तिचा ऊर भरून आला होता, आणि ते ती लपवतही नव्हती.

जीप दुपारी आली, आणि तिच्यात फक्त साताऱ्याचं सामान चढलं. वामन एस्टीने जाणार होता. वहिनींनी शरयूच्या हातात नारळ ठेवला, दोघी थोड्या रडल्या. दादा मात्र पायरीवरच घुटमळत होता. चप्पल घातली, काढली, परत घातली.

आप्पा गेल्यापासून दर भाऊबीजेला शरयूला साताऱ्याला नेत, आणि भावाच्याच घरात, भावाच्याच तबकाने ती भावाला ओवाळत असे. बहिणीच्या घरी जाऊन ओवाळून घेणं या दोघा भावांना ठाऊकच नव्हतं, कारण बहिणीला घर आहे असं कुणाच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"शरू," दादा म्हणाला, "भाऊबीजेला आम्ही तुझ्याकडे येऊ?"

"ये," शरयू म्हणाली. "वामनला घेऊन ये. मी वाट बघीन."